माझ्या लेकीचा डाउट

“हाजिर सर!... येस्सर!... परझेंट!... हाव सर, आलो ना, इथंच बसून राहिलो!”

शेवटच्या बाकावरून चाचा ओरडत होते. प्रत्येक नंबराला वेगळा आवाज. मुलींचा नंबर आला की गळा बारीक, तालमीत जाणाऱ्यांचा आला की थेट छातीतून, आणि प्रवेशाच्या दिवशी ज्या पोराला सर्दी झाली होती त्याच्या नंबराला वर्षभर नाकातून. मी टेबलामागे उभा राहून हजेरी पुकारत होतो, चाचा एकटेच अख्खी बारावी सायन्स होऊन उत्तर देत होते, आणि बाकांवर धूळ सोडून कोणीही बसलेलं नव्हतं. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, काय वर्ग भरलाय! एकदा तपासणीला आलेले साहेब व्हरांड्यात उभे राहून ही हजेरी ऐकत होते, आणि “अशी शिस्त अमरावतीतसुद्धा नाही” असं म्हणून आत न येताच परत गेले. हे मी थोडं वाढवून सांगतोय. पण साहेब आले होते हे खरं, आणि परत गेले हेही खरं.

मग मी पुढचा नंबर पुकारला आणि वर्ग एकदम गप्प झाला.

“चाचा, नंबर म्हटला मी.”

“ऐकला सर.”

“मग?”

“ह्या नंबराचं मी नाई म्हणत.”

“कावून?”

“बिटियाचा नंबर हाय थो. लेकराच्या नावानं झूट बोलाचं, अन् त्याचा बाप समोर उभा? नाई सर. आपल्याले नाई जमत.”

“बाकीच्यांच्या वेळी बरं जमते!”

“त्याइचे बाप कुठं उभे हायेत इथं?”

चाचा आमच्या कॉलेजचे शिपाई, मूळचे पातूरकडचे. वऱ्हाडी बोलता बोलता कधी उर्दूत शिरायचे आणि कधी बाहेर यायचे ते त्यांनाही कळत नसे. त्या दिवसापासून हजेरीत रोज एक भोक पडायचं. मी माझ्या लेकीचा नंबर पुकारायचा, चाचा खिडकीबाहेर बघायचे, मी जरा थांबायचो, आणि त्या रकान्यात हळूच एक टिंब द्यायचो. टिंबाला काय! भूमितीत बिंदूला लांबी नाही, रुंदी नाही, जाडी नाही. ज्याला काहीच नाही त्याला खोटं तरी कसं म्हणणार?

कॉलेज कुठलं ते सांगत नाही. नांदगाव खंडेश्वरच्या पुढं एसटीतून उतरायचं आणि काळ्या मातीतून चालत राहायचं. जिथं बुटांचं वजन माणसापेक्षा जास्त होतं तिथं आमचं गेट. पोरांच्या प्रवेशाला तोटा नव्हता. उलट जूनमध्ये रांग लागायची. पण ही रांग अशी की प्रवेश आमच्याकडं आणि पोरगं अकोल्याला. हजेरीची बोंब नको म्हणून नाव खेड्यातल्या कॉलेजात घालायचं, आणि लेकराला अकोल्याला खोली करून द्यायची. तिथं क्लास लावायचा, डॉक्टर नाहीतर इंजिनिअर व्हायचं. त्या वर्षांत आमच्याकडं कापसाचं बोलणं लोकांनी सोडूनच दिलं होतं. कोणी कोणाला “कसं काय” म्हणून विचारत नसे, कारण उत्तर विचारणाऱ्याला माहीत असायचं. सकाळचं वर्तमानपत्र उघडताना माणसं आधी आपल्या तालुक्याची बातमी नाही ना हे बघायची, आणि मगच चहा ओतायची. बाप प्रवेशाला यायचे ते एकच वाक्य घेऊन: “सर, पोट्ट्याले वावरात नाई ठेवाचं.” एवढंच. मी फॉर्म पुढं सरकवायचो. त्यांच्या वाक्यात माझ्यासाठी प्रश्नच नसायचा.

आणि त्याच रांगेत, एका जूनमध्ये, मी स्वतः उभा राहिलो. लेकीला घेऊन. माझ्याच कॉलेजात, माझ्याच वर्गात तिचं नाव घातलं आणि तिसऱ्या दिवशी तिला आणि तिच्या आईला अकोल्याला नेऊन सोडलं. फिजिक्स शिकायला!

हे वाक्य पुन्हा वाचा, माझी हरकत नाही. मी फिजिक्सचा शिक्षक. माझी पोरगी फिजिक्स शिकायला दुसऱ्याकडं. हलवायाच्या घरी पाहुणे येऊन म्हणावेत की पेढे आम्ही बाहेरूनच आणलेत, तसं ते होतं. पण मीच ठरवलं. मी एकटा शिकवून काय होणार होतं? तिकडं रोजच्या टेस्ट, रोजची स्पर्धा, जिल्हाभरातली हुशार पोट्टी. इकडं मी, एक फळा आणि चाचा. हिशेब मलाही येत होता.

तर मी शिकवायचो रिकाम्या बाकांना. प्राचार्य म्हणायचे, “सर, स्टाफरूममध्ये बसत जा, पेपर वाचत जा.” पण मी पेपर वाचून काय दिवे लावणार होतो? तासाची घंटा झाली की मी वर्गात. खडू घेऊन फळ्यावर लिहायचं आणि मोठ्यांदा बोलायचं. इतक्या मोठ्यांदा की शेजारच्या वावरातल्या बैलजोडीला न्यूटनचे तिन्ही नियम पाठ झाले. पहिला तर त्यांना आधीच येत होता, उभे असले की उभेच. तिसरा शिकल्यावर मात्र पंचाईत झाली. मालकानं पराणी टोचली की ते तेवढ्याच जोरानं उलट लाथ घालायला लागले, आणि मालक माझ्याकडं तक्रार घेऊन आला.

जुलैत गती. मी सांगायचो, पोट्टेहो, अंतर वेगळं आणि विस्थापन वेगळं. माणूस शनिवारी दुपारी गाव सोडतो, एसटीनं बडनेऱ्याला जातो, तिथून पॅसेंजर धरतो, अकोल्याला उतरतो, आणि सोमवारी सकाळी त्याच वाटेनं परत येऊन त्याच खुर्चीवर बसतो. अंतर केवढं झालं? कंबर सांगेल. आणि विस्थापन? शून्य! भौतिकशास्त्राच्या दृष्टीनं हा माणूस कुठंही गेलेला नाही. इथं नेहमी वर्गात हशा पिकायला पाहिजे. मी तेवढा वेळ थांबायचो. मग पुढं जायचो.

ऑगस्टमध्ये गुरुत्वाकर्षण. कॉलेजला लागून एक विहीर होती. पूर्वी, पोरं प्रत्यक्ष यायची त्या काळात, मी त्यांना घेऊन विहिरीवर जायचो. वरून गोटा सोडायचा, डुबुक ऐकू येईपर्यंतचा वेळ मोजायचा, आणि पाणी किती खोल ते गणितानं काढायचं. पोरं खूश. त्या वर्षी मी सवयीनं एकटाच गेलो. गोटा सोडला. डुबुक काही आलंच नाही. बऱ्याच वेळानं खालून ‘ठक’ असा आवाज आला. पाऊस पडून गेला होता तरी ठक. मला वाटलं माझं चुकलं, म्हणून दुसरा टाकला. पुन्हा ठक. तेवढ्यात बैलवाला मालक बांधावरून ओरडला, “मास्तर, बुजवून टाकता काय विहीर? तेवढंच राह्यलं होतं!” मी म्हटलं, “प्रयोग करून राहिलो.” तो म्हणाला, “मंग मीही दहा वर्सापासून थोच करून राहिलो.” आणि हसला. मीही हसलो. त्यानंतर विहिरीचा प्रयोग मी फळ्यावरच केला.

तास संपला की खोलीवर. खोली म्हणजे एका घराच्या मागची, एका माणसाची. तुम्हाला प्रतिध्वनीचा नियम माहीत असेलच. आवाज भिंतीवर आपटून परत यावा आणि वेगळा ऐकू यावा, तर भिंत जरा लांब लागते. जवळ असली तर जातानाचा आणि येतानाचा आवाज एकात एक मिसळतो. माझ्या खोलीच्या भिंती हात लांब केला की लागायच्या. म्हणजे मी काही बोललो तर ते परत येण्याचीही सोय नव्हती. बोललो की संपलं. रिकाम्या वर्गात निदान घुमायचं तरी. मला वर्ग का आवडायचा ते कोणी विचारलं असतं तर मी हेच कारण दिलं असतं. पण विचारलं कोणी नाही.

शनिवारची वाट मात्र मी सोमवारपासून पाहायचो.

अकोल्याची खोली पहिल्या मजल्यावर होती. आजूबाजूला सगळ्या अशाच खोल्या. कुठं आई आणि मुलगा, कुठं आजी आणि नात, बाप कुठंच नाहीत. बाप सगळे गावाकडं. शनिवारी संध्याकाळी त्या गल्लीत बापांची वरात निघायची. कोणाच्या हातात तुरीची डाळ, कोणाच्या हातात तूप, कोणाच्या हातात नुसतीच पिशवी. जिन्यात एकमेकांना बघून आम्ही मान हलवायचो. दवाखान्यात भेटायला आल्यासारखी. आणि क्लासचे बोर्ड! अकोल्यात तेव्हा माणसं कमी आणि बोर्ड जास्त होते. एका गल्लीत तर दोन बोर्डांच्या मधून आभाळ दिसायचं बंद झालं होतं. दिवसा कंदील लावून लोक वांगी निवडायचे.

लेक टेबलाशी बसलेली असायची. पाठ माझ्याकडं. मी चपला काढायच्या आत विचारायचो, “मग? काही डाउट?”

“नाही बाबा.”

“रोटेशन झालं का? त्यात भल्याभल्यांना डाउट येतात.”

“झालं.”

“टॉर्क कसा...”

“अहो,” आतून तिची आई म्हणायची, “आल्या आल्या काय लावलंय? हातपाय धुवा आधी. तिची उद्या टेस्ट आहे.”

मी हातपाय धुवायचो. जेवायचो. कॉटवर बसून तिच्या क्लासच्या छापील नोट्स चाळायचो आणि चूक शोधायचो. एक चूक सापडली असती तर मी तो कागद मढवून भिंतीला लावला असता. सापडली नाही. एकदा वाटलं सापडली, उत्साहानं तिला हाक मारली, तर तिनं बघून सांगितलं, “बाबा, तुम्ही उलटा कागद धरलाय, वरचं गणित पलीकडच्या पानावर सुरू होतं.” रविवारी दुपारी पुन्हा विचारायचो, “डाउट?” ती म्हणायची, “क्लासमध्ये डाउटचा तास असतो ना बाबा. तिथं विचारते मी.” डाउटचा वेगळा तास! म्हणजे जे आम्ही आयुष्यभर जिन्यात, व्हरांड्यात, सायकलला टेकून उभ्या उभ्या निस्तरलं, त्याचा तिथं टाइमटेबलात रकाना होता.

मला फार काही नको होतं. तिनं डॉक्टर व्हावं, इंजिनिअर व्हावं, काय व्हायचं ते व्हावं. मला फक्त तिनं एक डाउट विचारायला हवा होता. एकच. फिजिक्समधला. मोठा नको, लहानसा चालला असता.

एका रविवारी तिला पोचवायच्या निमित्तानं मी क्लासपर्यंत गेलो. ती आत गेली, मी बाहेर खिडकीशी थांबलो. तो हॉल म्हणजे हॉल नव्हता, मालधक्का होता. इतका लांब की पुढं सर काय म्हणाले ते मागच्या बाकावर तास संपल्यावर पोचायचं. मागच्या पोरांना विजांचा नियम आपोआप कळला होता, सरांचा हात आधी हलताना दिसायचा आणि शब्द मागून यायचे. सर तरुण होते, गळ्यात माईक. मी कान टवकारले, चुका मोजायच्या तयारीनं. ते कार्य शिकवत होते. बल लावलं, वस्तू हलली नाही, तर कार्य शून्य. म्हणाले, “दिवसभर भिंत ढकलत बसा, घाम येईल, अंग दुखेल, फिजिक्स म्हणेल काहीच केलं नाही.” मालधक्का हसला. एवढी पोट्टी एकदम हसल्याचा आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. माझी पोरगीही हसली असणार. वाईट याचं वाटलं की तो चांगला शिकवत होता.

रखवालदार आला. “पालक का?”

“हो.”

“पालकांनी तिकडं थांबा. इथून पोरांचं लक्ष जाते.”

पोरांचं लक्ष कुठंही गेलेलं नव्हतं. पण मी तिकडं जाऊन थांबलो.

सोमवारी मी चाचांना ही कहाणी सांगितली. म्हटलं, “चाचा, वर्ष होत आलं, पोरीला एक डाउट नाही.”

चाचा बाक पुसत होते. थांबले. “हे तं अल्लाची मेहेरबानी झाली सर.”

“मेहेरबानी कशी?”

“आजकालच्या पोट्ट्याइले बापावर लय डाउट असते. माह्याच पोट्ट्याले पाहा, मी बाजारात गेलो तं इचारते, इतका येळ कुठं होते? तुमच्या बिटियाले तुमच्यावर काईच डाउट नाई. अजून काय पाह्यजे आदमीले?”

मी त्यांना दुसरा अर्थ समजावणार होतो. मग म्हटलं जाऊ द्या. सगळ्या जिल्ह्यात माझ्या बाजूनं बोललेलं ते एकच वाक्य होतं, ते कशाला दुरुस्त करा!

बारावीच्या प्रॅक्टिकलसाठी मात्र पोट्ट्यांना कॉलेजात यावंच लागतं. बाहेरचे परीक्षक येतात, तिथं चाचांचा गळा चालत नाही. म्हणून आदल्या दिवशी सगळ्यांना बोलावलं, यंत्रं बघून घ्या म्हणून. फेब्रुवारी महिना होता. सकाळच्या एसटीतून माझा वर्ग उतरला. पूर्ण वर्ग! वर्षभर ज्यांचे नंबर मी पुकारत होतो ते हाडामांसाचे होते. ज्याला चाचा नाकातून उत्तर द्यायचे तो साडेसहा फुटी निघाला, त्याला आत यायला दाराची चौकट काढावी लागली. माझी लेकही आली. ती रात्रभर माझ्या खोलीवर राहणार होती. तिचं प्रॅक्टिकल मी बघायचं नाही असा नियम, ते परीक्षकच बघणार. पण आजचा दिवस माझा होता.

मी हजेरीपासून सुरुवात केली. पहिला नंबर पुकारला तर दोन आवाज आले, एक पोराचा आणि एक दारातून चाचांचा. सवय! वर्ग खदखदून हसला. मला त्या हसण्यानं एकदम चढली. पुढचा नंबर, पुन्हा दोन आवाज. “चाचा, आता पेन्शन घ्या,” मी म्हटलं, पुन्हा हशा. असं करत लेकीचा नंबर आला. चाचा गप्प झाले. मीही सवयीनं थांबलो.

“प्रेझेंट, सर,” ती म्हणाली.

सर! बरोबरच होतं. वर्गात काय बाबा म्हणणार? मी तिथं टिंब न देता पूर्ण पी लिहिला आणि पुढचा नंबर विसरलो, एका पोराला दोनदा पुकारलं.

मग मी जे शिकवलं ते वऱ्हाडात कोणी शिकवलं नसेल. एका दिवसात गतीपासून विजेपर्यंत. कॅरमच्या सोंगट्या रचून खालची उडवली, वरच्या जागच्या जागी बसल्या, म्हटलं हे जडत्व, माझी बदली दहा वर्षं का झाली नाही त्याचं कारण. साडेसहा फुट्याला दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या देऊन उभं केलं आणि घर्षण शिकवून होईपर्यंत विसरून गेलो, तो बिचारा म्हणाला, “सर, कार्य शून्य हाय ना? मंग खांदा कावून तुटून राहिला?” विजेवर आलो तेव्हा लाईन गेली, भारनियमनाची वेळ झाली होती. मी म्हटलं आम्हाला काय त्याचं! टॉर्चचे सेल काढले, तारा जोडल्या, बारके दिवे एकापुढं एक लावले. एक काढला की सगळे विझले. मग शेजारीशेजारी लावले, एक काढला तरी बाकीचे जळत राहिले. माझा घाम निथळत होता. पोरं शांत बसली होती. फार शांत. पाहुण्यांच्या घरी बसावं तशी, पाय जवळ घेऊन.

तेवढ्यात तिसऱ्या बाकावर एक हात वर झाला. माझ्या लेकीचा.

मी खडू खाली ठेवला. “बोल! बोल, काय डाउट आहे?”

“सर, पाणी प्यायला जाऊ?”

ती जाऊन आली. मी ओहमचा नियम पूर्ण केला. शेवटी म्हटलं, कोणाला काही विचारायचंय? मागून एकानं विचारलं, “सर, उद्या प्रॅक्टिकलले कोणतं येईन?” मी सांगितलं, माहीत नाही. सगळे उठले.

संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून खिचडी केली. ती कांदा चिरत होती, मी बोलत होतो. विहिरीचं सांगितलं, बैलांचं सांगितलं, साहेबांचं सांगितलं. बैलांच्या गोष्टीला ती हसली. मग म्हणाली, “बाबा, मी लवकर झोपते, उद्या व्हायव्हा आहे.” आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. मी तिच्या श्वासाचा आवाज ऐकत बसलो. त्या खोलीत दुसऱ्या माणसाचा आवाज असला म्हणजे ती केवढी मोठी वाटते, हे मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिचं प्रॅक्टिकल आटोपलं. मी तिला सोडायला स्टँडवर गेलो. गाडीला वेळ होता, रांग लागली होती. आम्ही रांगेच्या शेवटी उभे. ती बराच वेळ वर, खांबावरच्या तारांकडं बघत होती. मग म्हणाली,

“बाबा, एक डाउट आहे.”

मी इकडंतिकडं बघितलं. दुसरा कोणी बाबा नव्हता.

“तारेतले इलेक्ट्रॉन फार हळू सरकतात ना? मुंगीपेक्षा हळू. मग बटन दाबलं की दिवा लगेच कसा लागतो?”

काय सांगू तुम्हाला! मी पिशवी खाली ठेवली. बाह्या वर केल्या. म्हटलं, “मुंगी? मुंगी तर त्याच्यापुढं मेलगाडी! अकोल्याहून निघालेला इलेक्ट्रॉन इथं येईपर्यंत आपले नातू म्हातारे होतील. आणि घरच्या लाईनमधला तर निघतही नाही, जागच्या जागी पुढंमागं डुलत राहतो. पण तार रिकामी असते का? नसते! वावरातला पाइप बघ. आधीच भरलेला असला तर मोटर चालू केल्याबरोबर पलीकडच्या टोकाला पाणी पडतं. ते मोटरीतलं पाणी नव्हे, टोकाशी येऊन थांबलेलं पाणी. इकडचा धक्का तिकडं पोचतो. माणूस नाही पोचत, धक्का पोचतो!” एवढ्यानं माझं समाधान झालं नाही. मी पुढच्या माणसांना एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवायला लावले. गंमत म्हणून ठेवलेही त्यांनी. त्या दिवसांत लोकांना गंमत तशी दुर्मीळच होती. मग मी शेवटच्याला असा एक दणका दिला की रांगेच्या टोकाचे पागोटेवाले आजोबा न लागलेल्या गाडीत चढायला निघाले.

“मास्तर, ढकलता कावून बाप्पा?”

“आजोबा, तुम्ही इलेक्ट्रॉन आहात!”

“मी कायचा इलेक्ट्रॉन? मी चांदूर रेल्वेचा!”

सगळा स्टँड हसला. लोक गोळा झाले. एक बाई लेकराला कडेवर घेऊन पुढं आली आणि म्हणाली, “पुन्हा सांगा ना, धक्क्याचं.” मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगितलं असतं, पण गाडी लागली. लेक चढली, खिडकीशी बसली. मी खिडकीखाली उभा. बाह्या अजून वरच.

“नीट समजलं ना?”

“हो.”

“तुझ्या क्लासवाल्या सरांना जमेल का असं सांगायला?”

“त्यांनीपण पाइपचंच उदाहरण दिलं होतं.”

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. मला आवाज चढवावा लागला.

“म्हणजे हे तुमचं आधीच झालंय?”

“दिवाळीच्या आधी.”

“मग विचारलंस कशाला?”

तिनं बॅग मांडीवर नीट घेतली.

“तुम्ही दर शनिवारी विचारता म्हणून.”